भाटाच्या पोथीतला थोरला

कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला की मला गंगापूरकडच्या आमच्या अंगणात उघडलेली ती पोथी आठवते. घराण्याची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवणारा भाट आला होता. कसर लागू नये म्हणून पानापानात पाला. "गावात विचारून आलाय, लबाड हाय," वडील आईच्या कानाशी म्हणाले आणि मुद्दाम पणज्याचं नाव चुकीचं सांगितलं. भाटानं मान न उचलता ते दुरुस्त केलं. पुढं वडिलांच्या नावाआधी त्यानं आणखी एक नाव वाचलं. वडील उसळलेच. "थोरला मीच हाय! बंद कर ती पोथी." भाट शांतपणे म्हणाला, "तुमच्या वडलांनीच लिहवलंय." तेवढ्यात ज्वारी पाखडणाऱ्या आत्याचं सूप थांबलं. "खरं हाय त्याचं. तुझ्या आधीचा व्हता, गोवरात गेला. मायला लई लागलं, मग नावच काढायचं नाय ठरलं." वडिलांनी ते सूप उचलून भाटाच्या झोळीत रिकामं केलं. परवा शहरातल्या कचेरीत वंशावळीच्या अर्जावर मी ते नाव वडिलांच्या आधी लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून रोखून पाहिलं, "याचा पुरावा काय?" माझ्या मागं काठी टेकून उभे असलेले वडील पुढं झाले. "मी हाय की. त्याचा धाकटा."