तोफसर आणि वहिनींचा उजेड

तोफसरांनी पहिल्या भेटीत मला असं न्याहाळलं की आपण यांच्या अंगणात सुरुंग पेरायला आलो आहोत, असं मलाच वाटू लागलं. कोण, कुठला, कोणी पाठवलं, सगळी झडती झाली. मी फक्त पँट आखूड करून घ्यायला गेलो होतो. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, खिडकीशी मशीन लावून अख्ख्या गल्लीचे कपडे शिवत. घर त्यावरच चाले. सरांचा पगार पुस्तकांत जाई.

सर कॉलेजात परराष्ट्र धोरण शिकवत. शेजाऱ्याचा हेतू विचारू नये, ताकद मोजावी, हा त्यांचा पंथ. तोच विषय शिकवणारे दुसरे प्राध्यापक भिंतीपलीकडे राहत. बोलून सुटत नाही असं जगात काही नाही, हा त्यांचा पंथ. मुलांनी एकाला तोफसर केलं, दुसऱ्याला तहसर.

एकदा तहसरांनी कुंपणाची भिंत हातभर वाढवली. त्यांच्या सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना ऊन सोसत नव्हतं.

"अहो, जाऊन विचारा तरी," वहिनी म्हणाल्या.

"विचारल्यावर खरं सांगणार आहे का तो?" असं म्हणून सरांनी आपल्या हद्दीत त्याहून उंच भिंत घातली. वहिनींची खिडकी निम्मी झाकली गेली.

आता तहसर बोलायला येणार, याची मला खात्री होती. जन्मभर त्यांनी दुसरं काय शिकवलं होतं? आले ते त्यांची भिंत वाढवायला गवंडी. मी चाटच पडलो आणि तडक त्यांचं घर गाठलं.

"बोलायचंच आहे," ते शांतपणे म्हणाले, "पण आधी बरोबरीला यायला नको?"

इकडे तोफसर हरखून गेले होते. "बघितलंस? शेवटी तोही माझ्याच पंथाचा निघाला."

"आणि मला सुई दिसत नाही," वहिनी म्हणाल्या.

सर हसतच होते, तेवढ्यात सुई वहिनींच्या बोटातून आरपार गेली. सर पांढरेफटक पडले.

"बघत काय बसलात? चाक उलटं फिरवा," वहिनीच म्हणाल्या.

बोटाला पट्टी बांधून सर थेट पलीकडे गेले. भिंती उतरवायच्या, यावर दोघांचं पहिल्याच चहाला एकमत झालं. आधी कोणी, एवढंच ठरायचं राहिलं.

"भावोजी, किती दिवस लागतील?" वहिनींनी मला विचारलं.

"वहिनी, दोघांचाही अभ्यास दांडगा आहे."

वहिनींनी बाजारात एक खोली भाड्याने घेतली आणि मशीन तिकडे नेलं. भिंती तशाच आहेत.