मसूदाभाभीची चादर

मसूदाभाभी मूळच्या रत्नागिरीच्या. इथे बहरीनमध्ये, बुसैतीनला, आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. नवरा, अन्सारभाई, वारल्यापासून व्हिसा त्यांच्या स्वतःच्या नोकरीवर. नोकरी मनामातल्या बायकांच्या क्लबात. तिथल्या सौनाची, म्हणजे घाम काढायच्या तापल्या लाकडी खोलीची, देखरेख करायची.

आज माझी पूजा आटोपते न आटोपते तोच त्या दारात. क्लबात फिनलंडची एक नवी मेंबर आलीय, ती सौनात अंगावर सूतभर कपडा न ठेवता बसते. दोन बहरीनी बायका बघून आल्या पावली परत गेल्या. मॅनेजरीण म्हणाली, आजच्या आज मिटव, नाहीतर नोकरी खलास. भाभींना इंग्रजी येत नाही, म्हणून मला ओढत नेलं.

दार उघडलं आणि माझ्या तोंडून देवाचं नावच निघालं. बाई खरंच तशी बसलेली! खाली टॉवेल तेवढा, आणि चेहरा असा निवांत, जणू बसची वाट बघतेय. मी भिंतीकडे बघत विनवलं, अंगावर काहीतरी घ्या. तर मला बघून तीच हादरली. रस्त्यावरचे कपडे घालून इथे? आमच्याकडे आधी स्वच्छ आंघोळ, मगच आत. घामट कपडा आत आणणं म्हणजे घाण, लहान मुलांनाही कळतं, म्हणाली.

सोवळ्यात असताना मी घरच्यांनाही शिवू देत नाही, आणि ही उघडी बाई मला ओवळी ठरवत होती.

भाभींना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तिला सांगा मथुराबाय, आमच्यातली बाई मयत झाली की शेवटची आंघोळ मीच घालते. तेव्हापण अंगावर चादर ठेवतो, खालून हात घालून धुतो. मेलेलीची अब्रू राखते मी. हिची नको राखू?"

असलं परक्या बाईला कसं सांगायचं? पण भाभी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या. सांगितलं. बाई म्हणाली, चादर घेते, पण ती धुतलेली हवी, आणि मग सगळ्यांनीच घ्यायची. बाहेरचा कपडा कुणाचाच आत नको.

मॅनेजरणीने त्या दोघी बहरीनी बायकांना फोन लावला. चादर असेल तर येतो म्हणाल्या. भाभींची नोकरी वाचली. मी पर्स उचलून निघाले, तर भाभींनी कपाटातून एक पांढरी चादर काढून माझ्या हातात ठेवली.

"यल्ला, चला मथुराबाय. ती बघतेय. बाहेरच्या कपड्यात आत तुम्हीच गेलात, नियम तुमच्यापासून."

मी डोळे मिटले आणि ओढणी काढली.