धुतलेले हात

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवून रंगवून शांतवन पारखेचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते. साबण, रॉकेल, कशालाच तो रंग दाद देत नव्हता.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चाळीतल्या प्रार्थनेत पंच अमोलिकांनी रोमी सुभेदार पिलातापुढं चाललेल्या येशूच्या खटल्याचा शास्त्रभाग वाचला. मग क्रूस चाळीभर फिरवायचा होता. शांतवन तो उचलायला वाकला, तसे अमोलिक खेकसले, "त्या हातांनी शिवू नको! आधी धुऊन ये."

शांतवनचं डोकंच फिरलं. हेच 'शिवू नको' ऐकायला लागू नये म्हणून तर त्याचा आजा जालन्यात ख्रिस्ती झाला होता! त्यानं क्रूस सरळ खांद्यावर घेतला.

"अमोलिकदादा, आत्ता तुम्हीच वाचलंत ना? येशूला क्रुसावर धाडताना हात धुतले, ते पिलातानं!"