टेलची पाणीपाळी

माझं माहेर इस्लामपूरकडचं. तिथं उसाला पाणी सोडून माणूस खुशाल घरी येऊन जेवायला बसतो. लग्न होऊन आटपाडीकडे आले, तेव्हा पाण्यामागे पळायचं असतं हे कळलं. पुढे शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले, आणि गावच्या पाणीवापर संस्थेनं मला कॉम्प्युटरपुढे नेऊन बसवलं. संस्थेचे अध्यक्ष माझे धाकटे दीर, फौजेतून परत आलेले. त्यांना नाही म्हणण्यापेक्षा बसलेलं बरं.

कालव्यातून आमच्या चारीला, म्हणजे रानांकडे जाणाऱ्या पाटाला, येणारं पाणी सगळ्यांच्या रानात पाळीपाळीनं पोचवायचं, हे संस्थेचं काम. चारीच्या शेवटाला आमच्याकडे टेल म्हणतात, आणि आमचा नियम असा की पाणी पहिलं टेलला. शेवटचं रान भिजलं की त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. वरच्या माणसाला बांधाशेजारून पाणी खळखळत जाताना दिसतं आणि तरी गेट बंद ठेवून बसावं लागतं. हे म्हणायला सोपं आहे. स्वतःची बाग सुकत असताना करून बघा म्हणजे कळेल.

कुणाची पाळी कधी, हे ज्याच्या त्याच्या फोनवर संस्थेकडून जायचं. त्यासाठी पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं एक सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. देशोदेशीच्या माणसांनी मिळून बनवलेलं, सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं. घ्या, वापरा, हवं तसं बदला, पैसा नको. मला ते पाणपोईसारखं वाटलं. कुणी बांधली ते आपण विचारत नाही, पाणी पितो आणि पुढे जातो. आम्हीही तसेच प्यायलो.

कॉम्प्युटर उघडला की वरच्या बाजूला एक ओळ यायची, नवी आवृत्ती आली आहे, घ्या. मुलगीही फोनवर तेच सांगायची. मी दिरांना सांगायचे.

"आवं वहिनी, चालू मोटारीला हात लावू ने," ते म्हणायचे. "शिस्टीम एकदम फिट हाय. उगं उघडून बसलो आन् बंद पडली तर?"

हसू नका. ज्या गावानं पाण्याची इतकी वाट पाहिली, ते गाव चालू झालेल्या कुठल्याही गोष्टीला हात लावायला घाबरतं. दसऱ्याला मात्र आम्ही कॉम्प्युटरची यथासांग पूजा करायचो. झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढे नारळ. कुंकवानं कीबोर्डची दोन बटणं कायमची रुतून बसली होती. पूजेत आम्ही कधी कसूर केली नाही, देखभाल मात्र कुणाच्या मनातही आली नाही.

आमच्या टेलला एक बाई राहते. तिचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरणारं. नवरा अजूनही कळप घेऊन खाली कृष्णेकाठी उतरतो, ही मागे राहून रान बघते. घरात पहिल्यांदाच डाळिंब लावलं होतं तिनं. डाळिंबाला बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. पानं गळतात, झाड वाळल्यासारखं दिसतं. मग नेमक्या वेळी पाणी मिळून तो ताण तुटला तर फूल लागतं, नाही मिळालं तर सगळं वर्ष हातचं जातं. तिच्या बागेची पानगळ झाली होती आणि पाळी तोंडावर आली होती.

त्या दिवशी चारीला पाणी सुटलं आणि सकाळीच सगळ्या गावाचे फोन एकदम वाजले. संस्थेच्या नावानं निरोप होता: आपली पाळी रद्द झाली आहे, परत हवी असल्यास खालच्या निळ्या ओळीवर बोट ठेवा.

पहिला फोन तिचाच आला. "आवं बाई, माजी पाळी कुणी काढली?" आवाज रडवेला नव्हता, सरळ होता. त्यानंच मला जास्त लागलं.

मी कॉम्प्युटर उघडला. निरोप आमच्याच यंत्रातून गेला होता, पण आम्ही पाठवलेला नव्हता. पुण्याला फोन लावला. मुलगी म्हणाली, "आई, आधी इंटरनेटची वायर काढ. जुन्या आवृत्तीत भोक होतं, त्यातून कुणीतरी आत आलंय. त्यांना तुमचं गाव ठाऊकही नसेल. जिथं जिथं जुनं दार दिसतं तिथं ढकलून बघतात. तुमचाच पाळी रद्दचा तयार निरोप उचलून खाली लुबाडायची निळी ओळ चिकटवली." दिरांनी वायर हिसडून काढली. मग मी फोन लागेल त्याला सांगत सुटले, निळ्या ओळीवर बोट ठेवू नका.

पण खरं नुकसान निळ्या ओळीनं झालंच नाही. आपली पाळी गेली असं जो तो समजला, आणि आता नियमच उरला नाही तर मिळेल तेवढं घ्यावं म्हणून वरच्यांनी आपापली गेटं उघडली. टेलकडे पाणी जाणार कुठून?

दिरांनी मोटारसायकल काढली, मी मागे बसले. चारीच्या कडेकडेनं जात आम्ही पहिल्या उघड्या गेटापाशी थांबलो. त्या रानाचा मालक, गावातला जुना बागाईतदार, बांधावरच उभा होता.

"गेट लावा, तो निरोप खोटा आहे," मी म्हणाले.

"संस्थेच्या नावानं आला की. मग खरा कंचा आन् खोटा कंचा, आमी वळखायचं कसं? उद्या तुमचा खरा आला तरी कोण इस्वास ठिवंल?"

तो खरंच बोलत होता. मी टेलच्या बाईला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

तो नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "पानगळ पुरी झाली? समदी?" फोन मला परत देऊन तो दिरांवर उखडला. "ताण तोडायचाय तिला, आन् तुमी हितं खरं-खोटं करत बसलाय! आदी सांगाया काय झालं हुतं?" त्यानं स्वतःच्या हातानं गेट पाडलं, आपली गाडी काढली आणि आमच्यापुढे सुटला. पुढच्या प्रत्येक रानात आम्ही पोचायच्या आत त्याचा आरडाओरडा पोचलेला असे. अंधार पडायच्या आधी टेलला पाणी गेलं. ते तिच्या झाडांच्या बुडाशी वळताना मी पाहिलं आणि बांधावर बसून रडले. सांगायला लाज कसली?

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक झाली. दिरांचं आपलं तेच. "फुकाट मिळालं हुतं. धर्माच्या गाईचं दात मोजू न्हाईत."

"दात नका मोजू भाऊजी, वैरण तरी घाला," मी म्हणाले. सगळे हसले. मला हसू आलं नाही. नवी आवृत्ती घ्यायची नाही हे आम्ही संस्थेच्या ऑफिसात बसून ठरवलं, आणि धोका कुणाच्या रानात गेला? जिला आम्ही विचारलंही नव्हतं तिच्या. गावाचे नंबर आणि गावाचा विश्वास त्या डब्यात होता, तो काही आमच्या मालकीचा नव्हता. मी हे तिथं सगळ्यांदेखत बोलले, आणि दिरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही मी चांगलं खरमरीत पत्र पाठवलं. उत्तर आलं ते अगदी नम्र. ते भोक त्यांनी केव्हाच बुजवलं होतं. दुरुस्तीसुद्धा फुकटच ठेवलेली होती, आम्ही फक्त ती घ्यायची होती. तरीही झालेल्या त्रासाबद्दल त्यांना वाईट वाटलं. आणि विचारलं होतं, तुमचे शेतकरी कोणती भाषा वाचतात? त्या भाषेत करून द्यायला मदत कराल का?

आमच्याकडे पाणी सुटायच्या आधी चारीतला गाळ काढायला घरटी एक माणूस येतो. न येणाऱ्याचं पाणी तोडत नाहीत, पण तो आपणहूनच मान वर करून चालत नाही. ते पत्र वाचताना मला तसंच झालं. मुलीनं येऊन नवी आवृत्ती बसवली, आणि मी मराठी शब्द लिहून पाठवू लागले. पाळी, चारी, टेल. उतारवयात एवढी मजा येईल असं वाटलं नव्हतं.

आता प्रश्न होता, रोज यावर नजर कोण ठेवणार? मी किती दिवस पुरणार? दिरांनी ऑफिसात दोन-चार शिकलेल्यांची नावं काढली. तेवढ्यात टेलची बाई आत आली. पाठीवरून पदर घेतलेला, पायाला ओला चिखल.

"मला शिकवा," ती म्हणाली.

"तुमी?" दीर म्हणाले.

"वर कुटंबी तुंबलं तरी पयलं मलाच कळतंय न्हवं? वरच्याला काय, त्येचं रान भिजल्यालंच असतंय. मी बगीन रोज."

दीर उठले, आणि कॉम्प्युटरपुढची खुर्ची तिच्याकडे सरकवली.