आरशापलीकडचं नेट

‘‘पावणं, उसवलंय. येऊन जावा.’’

एवढं बोलून चाचा फोन ठेवायचे. नाव नाही, पत्ता नाही, काय बिघडलंय तेही नाही. आमच्या पेठेत इंटरनेटची जोडणी द्यायचा माझा धंदा. नेट बंद पडलं की माणसं कशी बोलतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्हीही कुणाला तरी तसं बोलला असाल. पण नेट ‘उसवलंय’ म्हणणारे एकटे चाचाच. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस, त्याला जगात दोनच रोग ठाऊक. एक उसवणं आणि दुसरा आटणं.

काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. माणूस ओळखायचे ते खांद्यावरून हात फिरवून. मला हात लागला की विचारायचे, ‘‘चाळीस आलं व्हय?’’ चाळीस हे माझ्या छातीचं माप. पेठेतली निम्मी माणसं त्यांच्या लेखी अशी मापंच होती. माझं लग्न झाल्यावर पहिल्यांदा गेलो, तर खांद्यावरचा हात थबकला. ‘‘चाळीस कुठलं आता? बायको सुगरण दिसतीया.’’

पहिल्या खेपेला मला राऊटर कुठे दिसेना. विचारलं, तर चाचांनी कमरेची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. आत कापडाच्या ताग्यांमध्ये राऊटर बिचारा दिवे लुकलुकवत बसलेला.

‘‘चाचा, ह्याला कुलपात कशाला घातलाय?’’

‘‘भारीतली वस्तू हाय. उघड्यावर ठिवू व्हय?’’

मी तो बाहेर काढून उंचावर बसवला. पुढच्या खेपेला बघतो तर त्याला झालरीची खोळ. शिवण मात्र बघत राहावी अशी, एक टाका वाकडा नाही. मी समजावलं की हा तापतो, ह्याला पांघरूण नको. चाचा विचार करून म्हणाले, ‘‘मग सुती शिवतो.’’ अशा माणसावर रागवायचं तरी किती? तरी मी रागवायचं काही कमी केलं नाही.

घराच्या पुढच्या शिवणाच्या दुकानात नेट आलं, तर चाचांना ते माजघरात हवं. माजघरात थोडं आलं, तर स्वयंपाकघरात हवं. दर चार दिवसांनी ‘पावणं, उसवलंय’. शेवटी एकदा वैतागून बोललोच, ‘‘चाचा, तुमाला दिसत तर न्हाय. मग घरभर नेट कशाला पायजे?’’ कोल्हापुरात पोटात एक आणि ओठावर एक ठेवायची आम्हाला सवय नाही, पण बोलून गेल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

चाचांना काहीच वाटलं नाही. छातीवर लोंबणारी पिशवी चाचपत ते म्हणाले, ‘‘माझं डोळं हैदराबादला हायती.’’

ती पिशवी त्यांनीच शिवलेली. शर्टाच्या उरलेल्या कापडाची, गळ्यात अडकवायची. आत फोन आणि कॅमेऱ्यापुरतं एक भोक. त्याची कड काज करतात तशी बारीक भरलेली. चाची वारल्यापासून चाचा एकटे राहायचे आणि मुलगी शबाना सासरी हैदराबादला. रोज सकाळी नोकरीवर जायच्या आधी ती व्हिडिओ कॉल लावायची, आणि चाचांच्या छातीवरून घर बघत त्यांना चालवायची. ‘‘अब्बा, रुको, पुढं स्टूल हाय.’’ ‘‘साखर न्हवं ती, मीठ हाय. बाजूचा डबा घ्या.’’ बापलेकीचं बोलणं असं हिंदी-कोल्हापुरीची मिसळ. नेट तुटलं की तिचा आवाज जायचा, आणि चाचा असतील तिथं उभे राहायचे.

घर लांबट. पुढे दुकानाची खोली, मग माजघर, आणि दोन पायऱ्या उतरून स्वयंपाकघर. तार रस्त्याकडून येते म्हणून राऊटर दुकानात. दुकानाच्या आणि माजघराच्या मधे जाडजूड दगडी भिंत, आणि तिच्यावर पुरुषभर उंचीचा आरसा, गिऱ्हाइकांनी नवे कपडे घालून बघायचा. आरशाच्या पाठीला जो मुलामा असतो ना, तो नेटला अडवतो. आधी दगडी भिंत, त्यात हा. माजघरात मी नेट पुढे ढकलणारा रिपीटर बसवून बघितला, पण त्याच्यापर्यंतच नेट धड पोचेना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि सगळ्यात वाईट जागा नेमकी गॅससमोरची.

तार दारातून आत न्यावी तर ती चाचांच्या पायात येणार. ‘‘आरसा काढूया,’’ मी म्हटलं. तो गिलाव्यात पक्का बसवलेला. काढायचा म्हणजे फुटणारच होता.

‘‘आरसा न्हाय हलायचा. दुसरं बोला.’’

‘‘पण चाचा, तुमाला त्याचा उपयोग काय?’’

‘‘दुसरं बोला म्हटलं की.’’

दुसरं काही मला सुचलं नाही, आणि ते तसंच राहिलं. मग एका सकाळी गॅसवर दूध ठेवलेलं असताना शबानाचा आवाज तुटला. चाचा वाट बघत उभे राहिले. दूध उतू गेलं, जाळ विझला. गॅसचा वास आल्यावर घाबरून त्यांनी बटण फिरवलं ते दुसऱ्याच बर्नरचं. शेजारच्या वहिनी धावत आल्या म्हणून निभावलं.

त्याच दिवशी शबानाचा मला फोन आला. ‘‘दादा, आता बास. रविवारपत्तुर नेट नीट झालं तर झालं, न्हायतर मी येऊन अब्बांना घेऊन जाते. हितं चौथ्या मजल्यावर त्यांना कोंडल्यागत हुईल, मला कळतंय. पण जित्तं तरी राहतील.’’ तिचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

चाचांना भेटायला गेलो, तर ते शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून बसलेले. म्हणाले, ‘‘हितं मी आंधळा न्हाय, पावणं. तितं हुईन.’’ नजर गेली तेव्हा ह्या माणसानं तक्रार केली नव्हती म्हणे. घर सुटायच्या भीतीनं मात्र त्यांचा आवाज पार खाली गेला होता.

शनिवारी त्यांचाच फोन आला. ‘‘काढा आरसा.’’

छिन्नी-हातोडा घेऊन पोचलो. चाचा धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून आरशासमोर उभे होते. ‘‘थांबा जरा,’’ ते म्हणाले. छातीवरच्या पिशवीतून आवाज आला, ‘‘अब्बा, डाव्या गालावर दाढी राहिलीया.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि बारीक झालायसा. रात्री जेवला न्हाईसा?’’

‘‘जेवलो की.’’

‘‘खोटं. तोंडावर दिसतंय.’’

मी हातोडा धरून तसाच उभा. इतके दिवस माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. फोन छातीवर, त्याचं तोंड बाहेर. शबानाला रोज गॅस दिसायचा, डबे दिसायचे, भिंती दिसायच्या. बाप दिसायचा तो इथेच. आपल्याला न दिसणाऱ्या आरशासमोर चाचा रोज सकाळी लेकीला तोंड दाखवायला उभे राहायचे.

‘‘फोडा आता,’’ चाचा बाजूला होत म्हणाले.

‘‘शिडी हाय का कुणाकडं?’’ मी विचारलं.

मग तार रस्त्याकडून थेट वर चढवली. कौलांवरून ओणवं होऊन नेताना माझा गुडघा सोलला, चार कौलं फुटली, आणि कौलं भाजणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला. खाली चाचा सांगत होते, ‘‘सावकाश, चाळीस, सावकाश.’’ मागच्या बाजूनं तार स्वयंपाकघरात उतरवली आणि गॅसजवळच्या खिडकीवर दुसरा राऊटर बसवला.

नेट कुठवर टिकतंय ते बघायला चाचा आरशापासून निघाले. दारात वहिनी उभ्या, मी मागे. माजघर झालं. पायऱ्यांशी शबाना ‘‘अब्बा, पाय…’’ म्हणाली आणि आवाज तुटला. चाचा थांबले. वहिनींनी तोंडाला पदर लावला. एका राऊटरवरून दुसऱ्यावर जाताना फोन क्षणभर अडखळतो हे मला माहीत होतं, तरी चाचांना धरायला मी एक पाऊल पुढे टाकलंच.

‘‘…हाय, अब्बा, हाय. चाला तुम्ही.’’

त्या दिवशी चाचांनी आमच्यासाठी स्वतः चहा केला. साखर जरा जास्तच पडली होती; वहिनींनी आणि मी कप रिकामे केले. रविवारी शबाना आली ती नुसती भेटायला.

त्यानंतर चाचा त्याच घरात राहिले, आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच, झोपेत गेले. त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर शबानानं जोडणी काढायला मला बोलावलं. भर दुपार होती. मी दुकानात तार सोडवत होतो आणि ती आतून काहीतरी आणायला निघाली. उजेड लख्ख, वाटेत काही नाही, तिला सगळं दिसत होतं. तरी डावा हात भिंतीला लावून ती अगदी हळू चालत होती, आणि तोंडातल्या तोंडात बोलत होती.

‘‘उंबरा हाय. पाय उचला. आता पायरी… आणखी एक…’’

मी उठून माजघराच्या दारात गेलो. ती गॅससमोर जाऊन उभी राहिली होती.

‘‘हां,’’ ती म्हणाली, ‘‘पोचलासा, अब्बा.’’