चार वाजताचा नवरा

तो आमच्याकडे लागला तेव्हा मला अजिबात आवडला नव्हता. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागातल्या ज्या वृद्धाश्रमात मी नर्स आहे, तिथे दुपारच्या शिफ्टला नवा केअरगिव्हर येणार होता. आला तो साठीकडे झुकलेला एक फिलिपिनो गृहस्थ. पाठ ताठ, केस मागे वळवलेले, आणि दारातच थांबून सगळ्यांना मान लववून 'किया ओरा', म्हणजे इथला माओरी नमस्कार. मी मनात म्हटलं, झालं. हे ध्यान आता बेडपॅन उचलणार की आपणच याची उस्तवार करायची?

बेडपॅन त्याने उचललं, आणि आम्हा कुणाहीपेक्षा नीट उचललं. म्हाताऱ्या माणसाचे कपडे बदलताना तो त्याच्याकडे न बघता खिडकीबाहेरच्या हवेबद्दल बोलत राहायचा, म्हणजे समोरच्याला लाज वाटू नये. आमच्या फिलिपिनो मुली त्याला 'कुया' म्हणायच्या, म्हणजे दादा. महिन्याभरात मीही कुया म्हणायला लागले. तो मला 'बॉस' म्हणायचा. मी त्याच्याहून चांगली बारा वर्षांनी लहान, पण तो काही ऐकायचा नाही.

तो नट होता हे मला चहाच्या सुट्टीत तुकड्या-तुकड्याने कळलं. त्याच्या गावात ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात लोक येशूच्या छळाचं नाटक रस्त्यावर करत. त्यात पहिल्या वर्षी त्याला, शिष्य येशूला ओळखत नाही म्हणतो तेव्हा, आडोशातून कोंबड्यासारखं आरवायचं काम मिळालं. पुढे मनिलाला जाऊन वीस वर्षं रंगभूमीवर काढली. मग सिनेमे. त्यात तो खलनायकाचा उजवा हात असायचा आणि मध्यंतराच्या आत मरायचा, तेही हिरोच्या हातून नाही, चूक केली म्हणून मालकाच्याच गोळीने. शेवटी एका टीव्ही मालिकेत त्याने सहा वर्षं पाद्री केला. बाजारात बायका त्याचा हात धरून कपाळाला लावायच्या. आपण नट आहोत असं सांगितलं तर त्या रागवायच्या, म्हणून मग तो मुकाट्याने आशीर्वाद द्यायचा.

मालिका संपली, नवे चेहरे आले, कामं आटली. बायको नर्स, तिला ऑकलंडला नोकरी लागली, तिच्यामागे हाही आला. इथे सुरुवातीला ऑडिशन दिल्या. टॅक्सीवाला, खानसामा, आणि एकदा तर हॉस्पिटलच्या कॉटवरचं प्रेत. मरायला एवढ्या लांब कशाला येऊ, असं म्हणून तो खूप हसला होता. नंतर त्याने केअरगिव्हरचा कोर्स केला आणि ऑडिशन सोडून दिल्या. सिनेमाची आठवण येत नाही, म्हणाला. आठवण येते ती समोरचा माणूस आपल्यावर विश्वास ठेवतो त्या क्षणाची. ते सांगताना मात्र तो हसला नाही.

मी सांगलीची. नाटक आमच्या रक्तातच आहे असं आमच्याकडचे लोक ऊठसूट सांगतात. माझ्या रक्तात ते फारसं नसावं, पण वडील मला मांडीवर घेऊन नाटकं बघत, त्यामुळे चांगलं काम आणि हातवारे यातला फरक मला कळतो. कुयाचं काम मी पाहिलं ते स्टेजवर नाही, आमच्या सात नंबरच्या खोलीत.

सात नंबरमध्ये एक गोऱ्या आजीबाई होत्या. स्मृतिभ्रंश, आणि डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार दिसायचा. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता, वारून अकरा वर्षं झालेली. दुपारी चार वाजले की बाई कोट घालून, पर्स काखेत धरून बागेच्या दाराशी उभ्या राहायच्या. ते अजून आले नाहीत, त्यांना काही झालं असेल, असं म्हणत रडायच्या. कुणी हात धरला की ओरबाडायच्या. आम्ही गोळ्या वाढवून बघितल्या, संगीत लावून बघितलं, काही उपयोग झाला नाही.

कुयाने महिनाभर तयारी केली, आणि ती तयारी आहे हे मला कळलंही नाही. बाईंना आंघोळ घालताना तो विचारायचा, साहेब घरी आल्यावर काय करायचे? काय खायचे? मग एक दिवस त्याने सामानाच्या खोलीतून एक जुना तपकिरी स्वेटर आणि टोपी काढली, युनिफॉर्म उतरवला, आणि बागेतून फेरी मारून बरोबर चार वाजता दाराशी आला. पायपुसण्यावर बूट दोनदा आपटले. 'सॉरी लव्ह, उशीर झाला,' एवढंच बोलला, पण आवाज असा, की मी औषधांची ट्रॉली सोडून वळून बघितलं. जुन्या कीवी माणसाचा, थोडा बसलेला, दिवसभर यंत्राशेजारी उभा राहिल्यासारखा आवाज होता तो.

बाईंनी पर्स खाली ठेवली. त्याचा हात धरून त्याला खुर्चीपर्यंत नेलं. मग तो दहा मिनिटं पेपर वाचत बसला आणि बाई त्याच्या शेजारी नुसत्या बसल्या. साहेब मितभाषी होते, हे त्याने आंघोळ घालताना काढून घेतलं होतं. दहा मिनिटांनी जरा बागेत जाऊन येतो म्हणून तो उठला आणि बाई शांतपणे जेवायला गेल्या. मला रडू आलं, आणि सांगायला लाज कशाची, टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग हे रोज सुरू झालं. कुया बदलला. साडेतीनपासूनच गप्प गप्प व्हायचा, पाणी प्यायचा, आमच्याशी बोलायचा नाही. आयुष्यभराच्या कामातली ही दहा मिनिटंच काय ती त्याच्याकडे उरली होती, आणि त्याला ती पुरत होती.

आता माझी चूक. मिरजेला नर्सिंग शिकताना आमच्या सिस्टर ट्यूटरने आम्हाला एक सवय हाडीमांसी खिळवली होती, पेशंटच्या बाबतीत जे जे घडतं ते लिहायचं. मी लिहिते, आणि भरभरून लिहिते. इथल्या मुली दोन ओळी टाकून मोकळ्या होतात, मी अर्धं पान भरते. एका संध्याकाळी कौतुकाच्या भरात मी बाईंच्या नोंदींत लिहिलं, की केअरगिव्हरने नवऱ्याची भूमिका केली, पेशंटने त्याला नवरा समजून हात धरला, शांत झाली, गोळीची गरज पडली नाही. अभिनय उत्कृष्ट, असंही लिहिलं. इतकी मी मूर्ख.

बाईंची मुलगी दर रविवारी यायची. तिला नोंदी वाचायचा हक्क होता, आणि तिने त्या वाचल्या. सोमवारी सकाळी तक्रार आली. माझ्या वडिलांचं सोंग एक परका माणूस रोज आणतो आणि माझी आई त्याचा हात धरते, असं तिने लिहिलं होतं. खरं सांगायचं तर तिच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

मॅनेजरने आम्हाला वेगवेगळं बोलावलं. कुया आधी जाऊन आला होता. आत मॅनेजरने विचारलं, हे तुमच्या परवानगीने चाललं होतं का? शिफ्टची जबाबदार नर्स मी. माझं रजिस्ट्रेशन, घराचे हप्ते, युनिव्हर्सिटीत जाणारी लेक, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. मी म्हणाले, 'नोंद लिहिली त्याच दिवशी मी त्याला पुन्हा हे करू नकोस म्हणून सांगितलं होतं.'

मी असं कधीच सांगितलं नव्हतं. उलट तो स्वेटर मी घरी नेऊन धुऊन आणायचे.

त्याला लेखी ताकीद मिळाली. नवा नियम आला, बाईंनी विचारलं तर सौम्य शब्दांत खरं तेच सांगायचं. चार वाजता कुयाला दुसऱ्या विंगला पाठवायला लागले. तो चादरींच्या घड्या घालत बसायचा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करायचा. आणि बागेच्या दाराशी बाईंजवळ मी उभी असायचे. बाई विचारायच्या, ते आले का? मी त्यांचा हात धरून सांगायचे, ते वारले हो, बरीच वर्षं झाली. त्या दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकायच्या. रोज चार वाजता ती बाई नव्याने विधवा व्हायची, आणि ते करणारी मी होते. दीड महिना हे चाललं. मग त्यांनी कोट घालणं सोडलं, जेवण सोडलं, आणि अंथरूण धरलं.

मुलगी रोज यायला लागली. एका दुपारी ती डोळे पुसत माझ्याकडे आली आणि म्हणाली, त्या माणसाला बोलवा, एकदाच त्याला ते करू द्या, मी लिहून देते. मी कुयाला बोलवायला धावतच गेले. त्याने हातातली चादर घडी करून ठेवली, स्वेटर चढवला, टोपी घातली. आरशात बघितलं नाही. बागेतून फेरी मारून आला. बूट दोनदा आपटले.

'सॉरी लव्ह, उशीर झाला.'

आवाज तोच होता, कदाचित त्याहूनही चांगला. मुलीने तोंडावर हात धरला. बाईंनी मान वळवली, चाचपडत त्याचा हात घेतला, आणि फार समजूतदारपणे, एखाद्या चुकून घरात आलेल्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, 'नाही हो. माझे मिस्टर वारले. इथल्या सिस्टर रोज सांगतात मला.'

कुया वाकलेला तसाच राहिला. मग त्याने टोपी काढली. स्वतःच्या आवाजात, मनिलाच्या त्याच्या इंग्रजीत म्हणाला, 'हो. मला फार वाईट वाटतं.' आणि त्यांचा हात न सोडता शेजारी बसून राहिला. तीन दिवसांनी बाई गेल्या.

त्यानंतर त्याने लॉन्ड्रीत बदली मागून घेतली. तिथे माणसं नसतात, मशीनं असतात. निघायच्या दिवशी तो नर्सेस स्टेशनवर आला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, 'बॉस, त्या दिवशी मॅनेजरसमोर तुम्ही माझी बाजू घेतली असणार. नाहीतर माझी नोकरीच गेली असती. हे मी विसरणार नाही.'

सगळं सांगायला तेव्हा दोन वाक्यं पुरली असती.

'नो वरीज, कुया,' मी म्हणाले. त्याने माझा उजवा हात उचलला, स्वतःच्या कपाळाला लावला, आणि ट्रॉली ढकलत निघून गेला.