सोवळ्यातला कोळसा

ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि कुंभकोणमात पेट्रोल दिसेनासं झालं. रॉकेलचीही ओढ होती. संध्याकाळी दिवे उशिरा लागत आणि लवकर मालवत. लोक कुरकुरत आणि सवय करून घेत. नरसिंहरावांना मात्र अशी सवय करून घेता येण्यासारखी नव्हती. मोदलाळी, म्हणजे मालक, गुरुमूर्ति पिळ्ळैंची बस कुंभकोणमहून मायवरमला नेणं आणि परत आणणं, हेच त्यांचं काम होतं आणि दुसरं कुठलंच काम त्यांना येत नव्हतं.

गल्लीतल्या बाकीच्या मराठी घरांतले पुरुष कचेरीत लिहीत, शाळेत शिकवीत, नाहीतर हरिकथा करीत. नरसिंहराव तेवढे गाडीवर चढले. पूर्वज मराठी फौजेबरोबर घोड्यावरून या तमिळ मुलखात आले म्हणून हा मोटारीवर बसला, असं गल्ली म्हणे. ते ऐकून घेत. बोलणं त्यांना फारसं जमत नसे. रस्त्यात शेळी आडवी आली, तरी भोंगा वाजवण्याआधी तिला थोडा वेळ देत. उतारू वैतागत, पण म्हातारी माणसं त्यांचीच गाडी बघून चढत.

पेट्रोल संपल्यावर पिळ्ळैंनी बसच्या पाठीला कोळशाचं यंत्र बसवून घेतलं. माणसाच्या उंचीचं लोखंडी पिंप, त्यात कोळसा, खाली विस्तव. पंखा फिरवला की आत वायू तयार व्हायचा. तो नळ्यांतून आणि काथ्याच्या गाळणीतून इंजिनात जायचा. पहाटे विस्तव पेटवायचा आणि कंडक्टर चंद्रमौळीनं पंखा फिरवायचा. चंद्रमौळी वयानं नरसिंहरावांहून मोठा आणि जिभेनं त्याहून मोठा. "जन्मभर तिकिटं फाडली, म्हातारपणी स्वयंपाकीण झालो," तो म्हणे.

आधी गाडी बरी चालली. मग रुसायला लागली. सपाट रस्त्यावर कशीबशी जायची, पण तिरुभुवनम् ओलांडून कालव्याच्या पुलाचा चढ आला की धापा टाकत थांबायची. उतारू उतरून ढकलायचे. तिरुभुवनमचे विणकर ओट्यांवर बसून मजा बघत. "राव, रेशमाचा दोर देतो, ओढून न्या. भाडं मात्र अर्धं घ्या."

नरसिंहरावांनी गाळणी धुतली, काथ्या बदलला, नळ्या ठोकून पाहिल्या. गाळणीतून काळं पाणी निघे. ते का, हे कळेना. रात्री जेवताना हाताला काजळीचा वास येई. आपलंच काही चुकतंय, हात म्हातारे झाले, असं मनात येऊ लागलं. पिळ्ळैंनीही हळूहळू तेच मनावर घेतलं असावं. ते वाईट माणूस नव्हते. पण लष्कराला मोटारी हव्या होत्या आणि बंद पडणारी गाडी किती दिवस पोसायची?

"शुक्रवारी मी स्वतः बसतो, राव," ते म्हणाले. "पुलावर थांबली तर मग तिला लष्कराकडे जाऊ द्यायचं."

नरसिंहरावांनी मान हलवली. घरी फक्त बायकोला, भवानीला, सांगितलं. भिंतीपलीकडे जप करणाऱ्या त्यांच्या आईनं, गोदाबाईंनी, ते ऐकलं. पण जप मोडला नाही.

कोळशाची पोती घरीच असत. गाडीच्या शेडमधून इस्त्रीवाले आणि खाणावळवाले ती लांबवत, म्हणून परसात, विहिरीशेजारच्या पडवीत ठेवलेली. शुक्रवारी नरसिंहराव नेहमीपेक्षा लवकर उठून परसात आले. पाहतात तो अम्मा ओलेत्यानं उभी. हातात पितळेचा गडू. ती ओंजळ भरभरून पोत्यांच्या तोंडात पाणी शिंपडत होती.

"अम्मा, काय करतेस?"

"दिसत नाही? अस्के धुऊनच काढायचे, एकूण एक तुकडे. पण या हातांनी होतं तेवढं करते."

"कसाला?"

"कसाला म्हणे. तूच सांगितलंस जेवताना. कोळशाची वखार मेलकावेरीच्या स्मशानाला लागून, आणि तिथली उरलेली लाकडं भट्टीत जातात. माझं लुगडं इथं वाळतं. विहीर इथं. देवाचं पाणी इथलं."

"ती चंद्रमौळीची चेष्टा होती, अम्मा."

"मग तू पानावर बसून हसत सांगायची नव्हतीस."

नरसिंहरावांनी पोत्यात हात घातला. वरचे तुकडे ओले होतेच, पण आत कोपरापर्यंत हात गेला तरी ओलच. कोळसा पाणी धरून बसला होता.

"रोज शिंपडतेस?"

"रोज. एकादशीला दोनदा."

ते विहिरीच्या काठावर बसले. राग यायला हवा होता. त्याऐवजी छातीवरचं काहीतरी खाली उतरलं. यंत्र धड होतं. नळ्या धड होत्या. हात धड होते. ते हसू लागले, आवाज न करता, खांदे हलवत.

"हसतोस कसाला?"

"गाडीला रोज आंघोळ घालत होतीस. विस्तव पेटेल कसा?"

गोदाबाईंनी हातातल्या गडूकडे पाहिलं, मग पोत्यांकडे. हसू ओसरल्यावर नरसिंहरावांच्याही ध्यानात आलं: आज शुक्रवार. दोन्ही पोती ओली, वखार उघडायला अवकाश आणि ऊन अजून माडांच्या शेंड्यांवरही आलेलं नाही.

"तो मालक आजच यायचा ना?" गोदाबाईंनी विचारलं.

"आजच."

चुकलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. गडू खाली ठेवून आत गेल्या. "भवानी, शिडी धर गं."

माळ्यावर त्यांची बेगमी होती. रोजचा स्वयंपाक झाला की चुलीतले चिंचेच्या लाकडाचे निखारे आणि जळत्या करवंट्या मडक्यात घालून त्या झाकण लावत. विझलेला तो कोळसा श्राद्धाच्या आणि सणांच्या स्वयंपाकासाठी साठवत. घरातल्या कुणालाही त्याला हात लावायची मुभा नव्हती. आता मडकी एकामागून एक खाली आली. कोळसा इतका कोरडा की एकमेकांवर आपटून काचेसारखा वाजत होता.

"ने," त्या म्हणाल्या.

"अम्मा, गाडीत सगळ्या जातीचे बसतात. नंतर म्हणशील विटाळला."

"बसू देत. ते काय पिंपात बसतात?"

सकाळी पिळ्ळै पुढच्या बाकावर बसले, छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून. चंद्रमौळीनं पंखा फिरवला आणि थबकला. विस्तव एका दमात लाल झाला होता. "राव, आज काय घातलंत? सुगंध येतोय."

"तू पंखा फिरव."

तिरुभुवनमच्या ओट्यांवर नेहमीची मंडळी होती. पूल दिसला तसे काही उतारू सवयीनं उठून धोतरं खोचू लागले. नरसिंहरावांनी गियर बदलला. गाडी चढाला लागली, आवाज जड झाला, थोडा खालावला, आणि तिथंच टिकला. मग समोर चढाऐवजी आभाळ दिसलं, आणि गाडी पलीकडे उतरू लागली. उठलेले उतारू एकमेकांकडे न बघता खाली बसले. त्यांतला एकजण म्हणाला, "फुकट धोतर खोचलं."

गोविंदपुरम् आल्यावर पिळ्ळैंनी मान वळवली.

"चोरून पेट्रोल तर नाही ना घातलंत?"

"नाही, मोदलाळी. अम्माच्या चुलीतला कोळसा आहे. वखारीचा ओला झाला होता. दोन दिवस उन्हात टाकला की तोही असाच चालेल."

"ओला कसा झाला?"

नरसिंहरावांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "घरात पाणी शिंपडलं जातं," ते म्हणाले. "आता पोती पुढच्या ओट्यावर ठेवतो. तिथं आमचं सोवळं पोचत नाही. राखायला अम्मा बसेल."

पिळ्ळैंच्या घरीही आई होती. त्यांना तेवढं पुरलं. ते बाहेरच्या केळीच्या बागा बघू लागले. मग छत्रीच्या टोकानं फळीवर टकटक केलं.

"भोंग्याचं रबर फाटलंय. मायवरमला पोचलात की नवं बसवून घ्या."

"घेतो, मोदलाळी."

नरसिंहरावांचे खांदे हळूच खाली आले. ते इतके दिवस वर होते, हे त्यांना तेव्हाच कळलं. पुढे एक शेळी रस्ता ओलांडत होती. त्यांनी वेग कमी केला आणि तिला जाऊ दिलं.